मर्तिकाच्या फिल्मला पैसे कोण देणार?

ग्रँटचे अर्ज भरून भरून मी एवढं शिकले, की अमेरिकेत नकारसुद्धा इतका गोड लिहितात की तो नकार आहे हे कळायला पत्र दोनदा वाचावं लागतं. पहिल्याच ओळीत 'तुमच्या कामाने आम्ही सगळे भारावून गेलो' असं दिसलं की समजायचं, गेलं. खरंच द्यायची असेल तर फोन येतो, असं या धंद्यातली माणसं सांगायची. मला कधी कुणाचा फोन आला नव्हता. भारावून मात्र बरेच जण गेले होते.

मी डॉक्युमेंटरी करत होते. त्याआधी कितीतरी वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांना गोडीत सांगायच्या. यातला दुसरा भाग मला कधीच जमला नाही. नोकरी सोडून कॅमेरा हातात घेतला तेव्हा आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "लग्नाचे व्हिडिओ काढणार का गं?" म्हटलं, नाही, मर्तिकाचे. तिने फोन बाबांकडे दिला.

पण ते खोटं नव्हतं. माझी फिल्म एका काकांवर होती. न्यू जर्सीत रस्त्यांच्या खात्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले, ऐंशीच्या घरातले, अजून ताठ. आमच्या भागात कुठल्याही मराठी घरात माणूस गेलं की पहिला फोन फ्युनरल होमला आणि दुसरा काकांना. ते तरुणपणी इथे आले तेव्हा अंत्यविधी सांगणारं कुणीच नव्हतं. त्यांचा रूममेट अपघातात गेला आणि शेवटचं काय करायचं हे एकालाही ठाऊक नव्हतं. त्याची त्यांना इतकी बोच लागली की त्यांनी पुण्याहून पोथी मागवली, शिकून घेतलं, आणि तेव्हापासून तेच करत आले. तीळ, तुळस, पिंडांसाठी तांदळाचं पीठ, सगळं एका जुन्या ब्रीफकेसमध्ये. फ्युनरल होमवाले मोजकाच वेळ देतात, त्यात सगळं बसवायचं. इथे जन्मलेल्या मुलांना इंग्रजीत समजवायचं, की आता हातात पाणी घे, आता वडिलांभोवती फिर, आता भट्टीचं ते बटण तुला दाबायचंय. ज्याच्याच्याने बटण दाबवत नाही, त्याच्या हातावर काका स्वतःचा हात ठेवायचे. एका मैत्रिणीच्या वडिलांच्या वेळी मी हे पाहिलं आणि ठरवलं, फिल्म करायची तर याच माणसावर. दक्षिणा तर सोडाच, गाडीच्या पेट्रोलचे पैसेसुद्धा ते घेत नसत.

ज्या घरांनी परवानगी दिली तिथे तिथे मी दोन वर्षं शूट केलं. राहिलं होतं ते एडिटिंग आणि शेवटचा भाग. काका-काकू घर विकून मुलाकडे टेक्सासमध्ये प्लेनोला चालले होते, आणि ते गेले की त्यांच्या जागी उभं राहणारं इथे कुणी नव्हतं. तो शेवटचा महिना शूट करायला कॅमेरामन हवा, साउंडचा माणूस हवा, आणि माझं साठवलेलं सगळं संपलं होतं. नवरा भला आहे, पण त्यालाही किती ताणणार? तो म्हणाला, "यार, हा एक अर्ज बघ. नाही झालं तर जॉबवर परत जा." जुन्या मॅनेजरने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. म्हणजे ही ग्रँट आली तर फिल्म, नाहीतर कपाटात पडलेल्या हार्ड ड्राइव्ह.

आणि फोन आला! मी आयसेलिनला ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात कोथिंबीर निवडत उभी होते. कॅलिफोर्नियातल्या एका फाउंडेशनच्या बाई बोलत होत्या. तुम्ही फायनलमध्ये आहात म्हणाल्या. व्हिडिओवर पॅनेल भेटेल, आधी फक्त तुमच्या काकांशी बोलेल, मग तुम्ही येऊन त्यांच्या शेजारी बसा. आणि हो, त्यांना काही पढवू नका.

पढवू नका! मला कोथिंबिरीसकट घाम फुटला. बाईंना आमची माणसं कुठे ठाऊक? पोटात कावळे ओरडत असले तरी वाढायला कुणी आलं की ताटावर आडवा हात धरणारी माणसं आम्ही. कौतुक केलं की 'छे हो, कसचं काय', मदत देऊ केली की 'आमचं छान चाललंय'. यांना न पढवता ग्रँटच्या मुलाखतीला बसवायचं? पण मी शब्द दिला आणि पाळलासुद्धा. काकांना एवढंच सांगितलं, की विचारतील त्याला खरं खरं उत्तर द्या.

त्या ग्रँटची एक अट मला पाठ होती. ज्या फिल्मला दुसरं कुठलंच दार उघडं नाही, तिलाच ते पैसे देत. माझ्या फिल्मला खरोखरच नव्हतं. पण ते कसं नव्हतं, हे काकांना माहीत नव्हतं, आणि कळू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा केला होता.

कारण मी आपल्या लोकांकडे मागून झालं होतं. एका डॉक्टर जोडप्याकडे गेले. त्यांच्या वडिलांचं काकांनी बर्फात गाडी घालून जाऊन केलं होतं. स्वयंपाकघर एवढं मोठं की माझं अख्खं अपार्टमेंट त्यात मावलं असतं. बाई म्हणाल्या, "किती छान काम करतेस गं! पण सब्जेक्ट जरा निगेटिव्ह नाही वाटत? ढोल-ताशावर कर ना काहीतरी, आम्ही स्पॉन्सर करू." इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीतल्या एक जण त्याहून स्पष्ट निघाल्या. "काका देवमाणूस आहेत, प्रश्नच नाही. पण खरं सांगू? ते समोर आले की मला धस्सच होतं. घरात सासूबाई आहेत ना. मुलीच्या डोहाळजेवणाला मुद्दामच नाही बोलावलं त्यांना, कार्ड पोस्टात हरवलं असं सांगितलं." माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "आणि सासूबाई गेल्या की बोलवाल ना?" तिथून पैसे मिळणार नव्हतेच, त्या दिवशी चहाही मिळाला नाही.

मग मी आणखी चार घरं फिरले. शब्द वेगळे, उत्तर तेच. ज्यांच्या आई-वडिलांना या माणसाने निरोप दिला, त्यांच्यातल्या एकालाही तो भिंतीवरच्या पडद्यावर नको होता. काका मात्र मला दर भेटीत सांगायचे, "आपली माणसं फार चांगली आहेत हो इथली." मी मान डोलवायची. सांगणार काय, कपाळ?

मुलाखतीच्या दिवशी मी त्यांच्या घरी पोचले तर दिवाणखान्यात निम्म्या वस्तू खोक्यांत गेल्या होत्या. डायनिंग टेबलवर लॅपटॉप लावला. काका इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून चोपून बसवून तयार. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा ठेवला, आणि पॅनेलचे तीन चेहरे पडद्यावर आले तशी मी स्वयंपाकघरात गेले. काकू चहाचं आधण ठेवत होत्या. दोघी दाराशी उभ्या राहून ऐकायला लागलो. पढवायचं नव्हतं, ऐकायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं.

पहिला प्रश्न मला फोन केलेल्या त्या मृदू आवाजाच्या बाईंचा. ही फिल्म तुमच्यासाठी का महत्त्वाची आहे?

"महत्त्वाची वगैरे काही नाही," काका त्यांच्या जपून जोडलेल्या इंग्रजीत म्हणाले. "मी विशेष काही करत नाही. कुणीही करेल."

मी ओठ चावला. काकू कुजबुजल्या, "सकाळीच सांगितलं होतं यांना, जरा स्वतःचं चांगलं बोला म्हणून. आज ऐकतील तर शपथ."

या कामात अडचणी काय आल्या? अडचण काही नाही, फ्युनरल होमची माणसं फार सहकार्य करतात. थकत नाही? नाही, तब्येत उत्तम आहे. या कामाने आयुष्यात काही गमावलं का? काका इथे जरा थांबले. मला वाटलं, आता बोलतील. म्हणाले, "नाही. सगळं छान आहे." मला तर तिथल्या तिथे ओट्यावर डोकं आपटून घ्यावंसं वाटत होतं.

मग तिसरा आवाज आला, तोपर्यंत गप्प बसलेल्या एका चष्मेवाल्याचा. ही फिल्म तुमच्या समाजाविषयी आहे, तर तुमचा समाज तिला मदत करेल का?

"का नाही करणार?" काकांचा आवाज एकदम खणखणीत झाला. "आमची माणसं डॉक्टर, इंजिनियर, सगळी सधन आहेत. मनाने मोठी आहेत. हिने मागितले तर एका बैठकीत जमतील. खरं म्हणजे हे पैसे तुम्ही एखाद्या गरजूला द्यावेत, असं मला वाटतं."

संपलं! मी भिंतीला टेकले. दोन वर्षं घाम गाळला आणि ज्याच्यावर फिल्म, तोच माणूस सांगतोय की दुसऱ्याला द्या. काकूंनी गॅस बंद केला. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

तेवढ्यात मला आत बोलावलं. मी काकांशेजारी खुर्ची ओढून बसले. पडद्याच्या कोपऱ्यात आमची चौकट दिसत होती, त्यात काका समाधानाने बसलेले आणि माझा चेहरा उतरलेला. मी तो सावरला. चष्मेवाला सरळ मुद्द्यावर आला.

"तुमचे काका म्हणतात, तुमचा समाज ही फिल्म करून देऊ शकतो. आमची अट तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यांच्याकडे मागितलंत का? आणि मागितलं असेल तर ते काय म्हणाले?"

इतका सोपा प्रश्न मला कुठल्याच ग्रँटने विचारला नव्हता. उत्तर जिभेवर होतं. हो, मागितलं. त्यांना हा माणूस त्यांच्या आनंदाच्या दिवशी समोर नको असतो, म्हणून ते त्याच्या फिल्मला पैसे देणार नाहीत. बस्स, एवढं बोलले असते तर ग्रँट माझी होती, हे मी आजही शपथेवर सांगते. तीन माणसं वाट बघत होती. काकांचा हात टेबलवर माझ्या हाताच्या बाजूला होता, आणि ते माझ्याकडे बघत होते. मी त्या डोहाळजेवणाचं सांगणार, मग ते 'धस्स होतं' सांगणार, आणि तेही परक्या लोकांसमोर, इंग्रजीत, त्यांच्याच घरात. बाई म्हणाल्या, "आवाज येतोय ना?"

"नाही," मी म्हटलं. "अजून मागितलेलं नाही."

चष्मेवाल्याने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. बाईंनी धन्यवाद दिले, काकांनीही दिले, पडदा रिकामा झाला. काकांनी हळूच विचारलं, "बरं झालं ना गं?" मी म्हटलं, "मस्त झालं, काका." काकूंनी केलेला चहा मी न पिताच निघाले.

गाडीत बसले आणि मग सुचलं. त्यांच्याच ड्राइव्हवेमध्ये बसून मी फोनवरून त्या बाईंना मेल लिहिला, सगळं खरं खरं, कुणाचं नाव न घेता. तासाभरात उत्तर आलं, अर्थातच गोड. तुमची अडचण मी समजू शकते, पण पॅनेल फक्त मुलाखतीत झालेल्या बोलण्याचा विचार करू शकतं, सगळ्या अर्जदारांना नियम सारखा. नियम सारखा! सगळ्या अर्जदारांच्या शेजारी काका बसले होते का?

पुढचे दिवस मी फोन उशाशी घेऊन झोपले. नवऱ्याचा फोन आला तरी दचकायची. आणि मग एका सकाळी मेल आला. पहिली ओळ वाचून मी तो बंद केला, आणि दुसरा मेल उघडून जुन्या मॅनेजरला लिहिलं, सोमवारपासून येते.

काकांना सांगायला गेले तेव्हा ते खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. मी म्हटलं, "नाही मिळाली, काका."

त्यांनी पट्टी अंगठ्याने दाबून बसवली. "माझ्यामुळे."

"छे, तुमचा काय संबंध? कॉम्पिटिशनच खूप होती."

"आता पुन्हा खोटं बोलू नकोस." आवाज चढला नव्हता. "तू लोकांकडे मागितले होतेस. कुणी दिले नाहीत. मला ठाऊक आहे."

मी जवळच्या एका खोक्यावरच बसले. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? आम्ही काय काल आलोत इथे? बारसं, मुंज, डोहाळजेवण, प्रत्येकाचं कार्ड पोस्टात हरवतं. सगळ्यांची कशी हरवतील?"

"वास्तुशांतीचीसुद्धा," काकू आतून म्हणाल्या.

माझा आवाज चढलाच. "अहो, मग त्या दिवशी बोलला का नाहीत तुम्ही? सगळं छान आहे काय, एका बैठकीत जमतील काय! खरं बोला म्हटलं होतं मी!"

"ज्यांच्या आई-बापांच्या तोंडात मी शेवटचं पाणी घातलं, त्यांची अब्रू परक्यांपुढे मी काढायची?" काका म्हणाले. "मला वाटलं, तू सांगशील. तुला तोंड आहे. आणि तू माझ्याकडे बघून नाही म्हणालीस. मला कळलं, का म्हणालीस ते. मग मी मध्ये बोलून तुला तिथे खोटी पाडू?"

म्हणजे त्यांनी लोकांची लाज झाकली, मी त्यांची झाकली आणि त्यांनी माझी. सगळ्यांची अब्रू शाबूत, आणि फिल्म गेली. मला हसावं की ते खोकं लाथेने उडवावं, कळेना. म्हटलं, "काका, तुम्ही वेडे आहात." ते म्हणाले, "तूही काही कमी नाहीस."

राग गेला नव्हता. तो धुमसत होता, म्हणूनच मी विचारलं, नाहीतर धीर झाला नसता. "तुम्हाला लोकांचं माहीत होतं, स्वतःचं कौतुक तुम्हाला नको, फिल्म महत्त्वाची नाही असं तुम्ही स्वतःच सांगितलंत. मग मला पहिल्यांदा हो तरी कशाला म्हणालात?"

ते चिकटपट्टीचं टोक शोधत राहिले. सापडेना, तसं रीळ बाजूला ठेवलं.

"तू पहिल्यांदा आलीस तेव्हा बेल वाजली, मी दार उघडलं आणि विचारलं, कोण गेलं? आठवतं? आम्हाला तीच सवय. तू म्हणालीस, कुणी नाही काका, तुम्हाला भेटायला आलेय. हिने आत जाऊन चांगले कप काढले. मुलगा लांब राहायला गेला, त्यानंतर कुणी न मरता या घराची बेल वाजली नव्हती." त्यांनी रीळ पुन्हा हातात घेतलं. "फिल्मचं मला काय कळतंय? पण कॅमेऱ्याला नाही म्हटलं असतं तर तू पुन्हा आली नसतीस."

मला रडू फुटलं, आणि ते मी आवरलं नाही. काका गडबडले. अंत्यविधीला किती जणांची रडणी त्यांनी सांभाळली असतील, पण आता त्यांना काय करावं सुचेना. मी ओढणीने नाक पुसलं आणि म्हटलं, "रविवारी आमच्याकडे या. दोघंही."

"का? काय झालंय?" ते एकदम सावध झाले.

"काही नाही झालंय. जेवायला."

"छे गं, आता निघायची गडबड, तुला कामावर जायचंय, उगाच कशाला त्रास..."

"अहो," काकू आतून म्हणाल्या, "हो म्हणा ना."